तुझे किती झाले गं?

मैत्रिणींनो, दोन बायका रस्त्यात भेटल्या आणि एकीनं दुसरीला विचारलं, ‘तुझे किती झाले गं?’ तर ऐकणाऱ्याच्या मनात काय काय येतं! सोन्याचे तोळे, भिशीचे हप्ते, लेकाचे नीटचे मार्क, नाहीतर वजनकाट्यावरचे किलो. बायकांच्या मोजामोजीचे विषय जणू ठरलेलेच. आमच्या सहा जणींच्या गोतावळ्यात मात्र या प्रश्नाचं उत्तर येतं, ‘एक्क्याण्णव! काल चक्रवाक मिळाला.’

आम्ही पक्षी मोजतो. तिघी नांदेडच्या, तिघी लातूरच्या. एक जानेवारीला कोरी वही उघडायची आणि एकतीस डिसेंबरपर्यंत आपापल्या जिल्ह्यात दिसलेल्या पक्ष्याच्या प्रत्येक नव्या जातीचं नाव, तारीख आणि ठिकाण लिहायचं. एका जातीचे शंभर पक्षी दिसले तरी यादीत ती जात एकदाच धरायची. (या एका यादीत जात विचारली तरी कुणाला राग येत नाही!) वर्षाच्या शेवटी जिची यादी मोठी ती जिंकली. बक्षीस म्हणजे हरलेल्या पाच जणींनी मिळून तिला हुरडा खाऊ घालायचा. सोबत गूळ, दही, तिळाची चटणी. बस्स.

ऐकणारे हसतात. ‘पक्षी बघायचे तर बघा, त्यात स्पर्धा कशाला?’ असंही विचारतात. प्रश्न रास्त आहे. मुळात आपल्याकडे स्पर्धा कमी आहेत का? लातूर पॅटर्ननं सगळ्या महाराष्ट्राला मेरिट लिस्टचं वेड लावलं. आता लातूर काय न् नांदेड काय, गल्लोगल्ली शिकवण्या आणि त्यांच्या दारावर रँकवाल्या मुलांचे फोटो. दोन शहरांचं आपसातलंही काही कमी नाही. २००९ साली महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून केवढं रान पेटलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. मग बायकांनी आणखी एक चढाओढ कशाला काढायची?

माझं म्हणणं असं, की स्पर्धा वाईट नसते, तिची जात वाईट असू शकते. सोन्याच्या स्पर्धेत शेजारणीचं मंगळसूत्र जड झालं की आपलं आपोआप हलकं वाटायला लागतं. मार्कांच्या स्पर्धेत तिच्या मुलाची एक जागा वर म्हणजे माझ्या मुलाची एक खाली. पक्ष्यांच्या यादीत तसं नाही. तिला दिसलेला पक्षी माझ्या वहीतून वजा होत नाही. उलट तिला दिसला म्हणजे तो आहे, आणि आहे म्हणजे उद्या मलाही दिसेल! म्हणून आमच्यातली यादीत पहिली असलेलीच सकाळी साडेसहाला दुसरीला फोन करते, ‘विष्णुपुरीला ये लवकर, अजून बसलाय तो.’ शिकवणीतल्या पहिल्या नंबराच्या पोरानं आपल्या नोट्स दुसऱ्या नंबरवाल्याला स्वतःहून नेऊन दिल्याचं तुम्ही कधी ऐकलंय?

आणि यात फक्त चांगुलपणा आहे असंही नाही बरं का. एकटीनं बघितलेला दुर्मिळ पक्षी कुणी सहजासहजी मानत नाही. साक्षीदार लागतो. म्हणजे या खेळात जिंकायचं तर प्रतिस्पर्धीच शेजारी उभी असावी लागते. ती नसेल तर आपलं जिंकणंही अर्धवट!

आमचे वाद ऐकाल तर तुम्हाला हसू येईल. पिंजऱ्यातला पोपट धरायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. पण नुसता आवाज ऐकू आलेला पक्षी? पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून सगळं शिवार दणाणून सोडतो आणि दिसता दिसत नाही. तो लिहायचा की नाही? दोन वर्षं वाद घातल्यावर ठरलं, की ऐकलेला वेगळ्या रकान्यात लिहायचा. मग एसटीच्या खिडकीतून दिसलेला? नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाताना विजेच्या तारांवर कोतवाल, वेडा राघू, होला, खाटीक, नशीब असेल तर चाससुद्धा! ते धरायचे, पण ज्या जिल्ह्याच्या हद्दीत दिसला त्याच जिल्ह्याच्या यादीत. त्यामुळे अहमदपूरच्या अलीकडे की पलीकडे, यावर आमची अशी काही खडाजंगी होते की कंडक्टरनंही कान टवकारावेत. आणि हुदहुदला आमच्या भागात अजूनही सगळे ‘सुतार’च म्हणतात. डोक्यावर तुरा आणि जमिनीत चोच खुपसत चालणारा तो हुदहुद, आणि झाडाच्या बुंध्यावर टकटक करणारा तो खरा सुतार, हे प्रत्येक नव्या मैत्रिणीला एकदा तरी सांगावं लागतं.

हा खेळ काही आमच्या डोक्यातून निघालेला नाही. त्याची एक मोठी छान गोष्ट आहे. अमेरिकेत पूर्वी नाताळच्या दिवशी पुरुषांच्या टोळ्या बंदुका घेऊन बाहेर पडायच्या. दिवसभरात जी टोळी जास्त पशुपक्षी मारून आणील ती जिंकली. फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षी अभ्यासकानं १९०० साली सुचवलं, की स्पर्धा ठेवा, बंदुका तेवढ्या घरी ठेवा. मारण्याऐवजी मोजा. त्या नाताळला २५ ठिकाणी मिळून २७ माणसं मोजायला बाहेर पडली. ती मोजणी दरवर्षी होत आली आणि आज हजारो माणसं तिच्यात भाग घेतात. माणसाच्या अंगातली ईर्ष्या काही त्यानं काढून टाकली नाही, कारण ती निघत नसते. त्यानं फक्त तिला वेगळ्या कामाला लावलं.

आपल्या महाराष्ट्रात मुंबईमध्ये २००५ साली संजय मोंगा आणि रवी वैद्यनाथन यांनी ‘बर्ड रेस’ सुरू केली. तीन-चार जणांचा गट, पहाट ते संध्याकाळ, एका दिवसात किती जाती दिसतात ते बघायचं. पुढे इतर शहरांतही तशा शर्यती झाल्या. पण शहरांतल्या शर्यतीला गाडी लागते, रजा लागते, अख्खा दिवस घराबाहेर काढावा लागतो. सकाळचा डबा, दुपारचं नळाचं पाणी आणि संध्याकाळी सासूबाईंची औषधं यांत अडकलेल्या बाईला एका दिवसाची शर्यत परवडत नाही. तिला वर्षाची यादी परवडते. आज दहा मिनिटं, परवा पाच. कुरडया-पापड राखायला गच्चीवर बसलं की तिथंच चार जाती. दूधवाल्याची वाट बघताना बोरीच्या झाडावर शिंपी. वर्षाची यादी ही बाईच्या दिवसाच्या फटीत बसणारी गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती आपली आहे.

आता आमच्या सामन्याविषयी थोडं. नांदेड-लातूर ही लढत तशी विषमच. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचं धरण आहे, कंधारचा राष्ट्रकूटांच्या काळातला तलाव आहे आणि वर किनवट-माहूरचं जंगल आहे. हळद्या, स्वर्गीय नर्तक, सुतारांच्या निरनिराळ्या जाती बघायच्या तर नांदेडवाल्यांनी किनवटची एक फेरी मारली की झालं. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही. सगळं काळं रान, सोयाबीन, तूर, ऊस आणि मधून मधून उघडे माळ. त्यामुळे पहिल्या वर्षी नांदेडच्या तिघी जरा ऐटीतच होत्या.

पण लातूरच्या एका मैत्रिणीनं काय केलं, तर ज्या माळाला सगळे ‘पडीक’ म्हणतात तोच धरला. तिथं चंडोल निघाले. माळटिटवी निघाली, पिवळ्या गालपट्टीची. मातीच्याच रंगाचा आणि तुरुतुरु पळणारा धाविक निघाला. हिवाळ्यात पिकावरून खालून उडत जाणारे भोवत्या ससाणे निघाले. किनवटच्या जंगलात दिसणार नाहीत असे पक्षी तिच्या वहीत भराभर यायला लागले. नांदेडवाल्यांनाही मग आपल्या जिल्ह्यातले माळ शोधावे लागले. स्पर्धेनं केलं ते हे. आपण ज्याला ओसाड म्हणतो ते ओसाड नाही, हे कुठल्याही भाषणापेक्षा तिच्या यादीनं आम्हाला जास्त पटवलं.

याच मैत्रिणीची २०१६ची वही मी मुद्दाम मागून बघितली. ते वर्ष लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं शहराला पाणी आणावं लागलं. एकेका घागरीसाठी बायका रात्र रात्र जागल्या. तिच्या वहीत त्या वर्षी जानेवारी ते जून पाणपक्ष्यांचं नाव जवळजवळ नाही. बदक नाही, शेकाट्या नाही, कपाळावर गंध लावल्यासारखा दिसणारा म्हणून ज्याला आपल्याकडे वारकरी म्हणतात तोही नाही. ठिकाण लिहिलेलं आहे, तारीख लिहिलेली आहे आणि पुढे नुसतं शून्य. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी मांजरा भरली आणि नोव्हेंबरच्या पानावर थापट्या बदकांपासून पुन्हा नावं सुरू झाली.

त्या वर्षी ती अर्थातच हरली. नांदेडला येऊन गोदाकाठचे पाच-दहा पक्षी आपल्या नावावर लावले असते तर आम्ही काही पंचनामा करणार नव्हतो. तिनं लावले नाहीत. ‘जे नाही ते नाही म्हणूनच लिहायचं,’ एवढंच म्हणाली. आज त्या वह्यांच्या गठ्ठ्यातली सगळ्यात मोलाची वही कुठली, असं विचाराल तर मी तीच दाखवीन. दुष्काळात बाईचे हाल झाले, जनावरांचे झाले, हे पेपरात आलं. पक्ष्यांनी गाव सोडलं हे त्या वहीत आलं.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला नेहमीचा, ‘रिकामटेकड्या बायकांचे उद्योग!’ पानटपरीवर दोन-दोन तास उभ्या राहणाऱ्या पुरुषाला कुणी विचारत नाही, की बाबा रे, तू इथं काय करतोस? बाई तळ्याच्या काठावर दहा मिनिटं नुसती उभी राहिली तर तीन जण विचारतात, ‘ताई, कुणाची वाट बघताय?’ बाईनं बाहेर असायला काहीतरी काम लागतं. भाजी, देऊळ, शाळा, दवाखाना. नुसतं उभं राहून आभाळाकडे बघणं हे काम नाही. घरात ‘मला जरा बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटतंय’ असं म्हणून बघा बरं, लगेच कपाळाला हात लावून ताप बघतील! पण ‘मला लातूरच्या तिला हरवायचंय’ म्हटलं की नवऱ्याला कळतं, मुलांना तर फारच कळतं. स्पर्धेची भाषा घराला समजते. एका मैत्रिणीचा दहावीतला मुलगा आता आईला हाक मारतो, ‘आई, कुंभारकावळा आलाय, लिहिलास का?’ आईनं स्वतःसाठी काहीतरी जिंकावं असं घरातल्यांना वाटायला लागणं ही छोटी गोष्ट नाही.

फीबी स्नेट्सिंगर या अमेरिकन गृहिणीची गोष्ट या निमित्तानं सांगण्यासारखी आहे. चार मुलांची आई. १९६५ साली एका शेजारणीनं हातात दुर्बीण दिली आणि एक लहानसा पक्षी दाखवला. तिथून तिला हे वेड लागलं. १९८१ मध्ये कर्करोगाचं निदान झालं, डॉक्टरांनी थोडेच महिने हातात असल्याचं सांगितलं. ही बाई उपचारांच्या मागे लागण्याऐवजी पक्षी बघायला निघाली आणि पुढे अठरा वर्षं जगभर फिरली. आठ हजारांवर जाती पाहणारी ती जगातली पहिली व्यक्ती. पहिली बाई नव्हे हं, पहिली व्यक्ती! १९९९ साली मादागास्करमध्ये पक्षी बघायला गेली असताना वाहनाच्या अपघातात ती गेली. वडिलांचा पैसा हाताशी होता म्हणून हे जमलं, हेही खरं. तिच्याबद्दल लिहिताना आवर्जून सांगतात, की या नादात ती आईच्या अंत्यविधीला नव्हती आणि लेकीच्या लग्नालाही नव्हती. ही किंमत मला स्वतःला फार वाटते. पण जगभर हिंडणाऱ्या एखाद्या पुरुषाबद्दल लिहिताना लेकीच्या लग्नाला तो होता की नाही हे कुणी इतक्या अगत्यानं शोधलं असतं का, हाही प्रश्न मनात येतोच.

आपल्याकडे इतकं लांब जायची गरज नाही. रांचीच्या जमाल आरा यांचं शिक्षण दहावीपर्यंतच झालेलं. छोटा नागपूरच्या पक्ष्यांवर त्यांनी १९४९ पासून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. मुलांसाठी पक्षिनिरीक्षणावर त्यांनी लिहिलेलं छोटं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं काढलं. सलीम अलींचं नाव घराघरात पोचलं, आणि ते पोचायलाच हवं होतं. आपला मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता तिथल्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी १९३१-३२ मध्ये केली. पण जमाल आरांचं नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलं होतं?

दुसरा आक्षेप असा, की हे शिकलेल्या बायकांचे चोचले आहेत. याचं उत्तर मला लोहा तालुक्यातल्या एका गावात मिळालं. बचत गटाच्या बैठकीला गेले होते, पिशवीत पक्ष्यांचं पुस्तक होतं. हिशेब झाल्यावर बायका चित्रं चाळायला लागल्या. अंगठा उठवणारी एक आजी पुढं सरकली आणि एकेका चित्रावर बोट ठेवून सांगत सुटली. ही भोरडी, ज्वारी भरात आली की थव्यानं उतरती. ही लाव्हरी, पायाखालून भुर्रकन उठती. हा व्हला. ही टिटवी, ही उंचावर अंडी घालती त्या साली पाऊस लई. लहानपणी तिनं माळ्यावर उभं राहून गोफणीनं ज्वारी राखली होती. तिच्या नातीनं तिथल्या तिथं वहीच्या मागच्या पानावर यादी केली, सदतीस! पुस्तक न उघडता सदतीस जाती ओळखणाऱ्या पदवीधर बायका आपल्या ओळखीत किती निघतील?

त्या आजीच्या पिढीनं पक्षी ओळखले ते हाकलण्यासाठी. आपण ओळखायचे ते टिकवण्यासाठी. पण ओळख तीच आहे, आणि ती आजीबरोबर जाऊ द्यायची नसेल तर तिच्या तोंडची नावं कुणीतरी लिहून घेतली पाहिजेत. गावागावांतल्या लेकीसुनांनी ही एवढी एक चढाओढ लावावी, की कुणाच्या आजीला जास्त पक्षी येतात!

आणि हे सगळं नुसतं गंमत म्हणून राहिलेलं नाही. भारतातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा एक मोठा अहवाल २०२३ साली निघाला. ९४२ जातींचा विचार त्यात झाला. त्यासाठीच्या जवळपास तीन कोटी नोंदी कुणी केल्या? तीस हजारांवर साध्या पक्षिनिरीक्षकांनी, तुमच्या-माझ्यासारख्यांनी, आपापल्या याद्या ‘ई-बर्ड’वर भरून. वर्षानुवर्षांचा कल ज्यांच्याबद्दल सांगता आला अशा ३३८ जातींपैकी सुमारे साठ टक्के घटलेल्या निघाल्या. मोर वाढले, कोकीळ वाढले, पारवे तर वाढलेच वाढले. घटले ते उघड्या माळावरचे, गवताळ रानातले पक्षी. म्हणजे आपले, मराठवाड्याचे. आणि घटणाऱ्यांच्या यादीत आपला चास आहे, ज्याला नीलकंठ म्हणतात. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, तोच.

सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणं जवळजवळ संपलं आहे. तो कमी होत होता तेव्हा आजूबाजूच्या गावांतून दरवर्षी कुणी वहीत लिहीत असतं, यंदा सात, यंदा चार, यंदा एक, तर आपल्याला थोडं आधी जाग आली असती का? चासाच्या बाबतीत मात्र वेळ गेलेली नाही. म्हणून माझा आग्रह असा, की यादी करणाऱ्यांनी दुर्मिळाच्या मागे धावताना साध्याला विसरू नये. आम्ही तीन वर्षांपूर्वी नियम बदलला. आता नुसत्या जाती नाही, तर चास, चंडोल आणि माळटिटवी या तिघांचे किती दिसले तेही लिहायचं. ज्या दिवशी दिसले नाहीत त्या दिवशी शून्य लिहायचं. शून्य लिहिणारीला आमच्यात मान आहे.

स्पर्धेचे धोकेही सांगायला हवेत. जिंकायच्या नादात काही जण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावतात. त्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर आला. पिल्लांना भरवायचं सोडून तो बिचारा भांडायला येतो. घरट्याचा फोटो हवा म्हणून फांद्या बाजूला करणारेही असतात. मग कावळ्याला वाट मोकळीच! बाळंतिणीच्या खोलीत आपण चपला घालून, मोठ्यानं बोलत शिरतो का? तेवढं तारतम्य इथंही हवं. आणि खोटं लिहिण्याबद्दल तर काय सांगावं? या यादीला परीक्षक नाही, सुपरवायझर नाही, पेपर तपासणारं कुणी नाही. कॉपी करायची पूर्ण सोय आहे! पण खोटी यादी म्हणजे स्वतःच्याच डब्यात दगड भरून वजन वाढवण्यासारखं. मुलांना आपण मार्कांपलीकडचा प्रामाणिकपणा शिकवू म्हणतो. तो शिकवण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

बायकांनी मनावर घेतलं तर काय होतं ते आसामात दिसलं. हरगिला हा मोठा, टकला, दिसायला बेढब करकोचा. अपशकुनी म्हणून लोक त्याच्या घरट्यांची झाडं तोडत. डॉ. पूर्णिमादेवी बर्मन यांनी गावातल्या बायकांना गोळा केलं आणि चक्क हरगिलाचं डोहाळजेवण करायला सुरुवात केली! हजारो बायका आज स्वतःला ‘हरगिला सेना’ म्हणवतात. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांनी पूर्णिमादेवींचा पर्यावरणाच्या मोठ्या पुरस्कारानं गौरव केला. ओटी भरणं, डोहाळे पुरवणं ही आपलीच भाषा. तिनं एक पक्षी वाचवला.

तेव्हा मैत्रिणींनो, एक साधी दोनशे पानी वही घ्या. दुर्बीण नसली तरी पहिली चाळीस नावं नुसत्या डोळ्यांनी होतात. अडलं तर मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ वाचनालयात मागा, नाहीतर मुलांच्या मोबाइलवर ‘मर्लिन’ अ‍ॅप उतरवून घ्या. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात. यांपैकी कुठलाही मुहूर्त चालेल आणि मुहूर्त न बघताही चालेल. दोघी-दोघींनी मिळून जा, म्हणजे सोबतही होते आणि साक्षीदारही मिळतो.

फक्त एकटीनं यादी करू नका. समोर कुणीतरी चुरशीची हवीच. जाऊ असो, नणंद असो, शाळेतली जुनी मैत्रीण असो. जिच्याशी आजवर साड्यांवरून आणि मुलांच्या मार्कांवरून तुलना होत आली, तिलाच मुद्दाम गाठा. तुमच्या परसातल्या निंबावर काय बसलंय ते तिला फोन करून सांगा आणि तिच्या शेताच्या बांधावर काय आहे ते विचारा. वर्षाअखेर तुम्ही हरलात तरी हुरडा दोघींनी मिळूनच खायचा आहे.